बेने इस्रायलींच्या मलिदात मांस का नसतं?

बदलापूर-अंबरनाथहून लोकलने ठाण्याला उतरलं की १८७९चं ‘शआर हाशमायिम’ सिनेगॉग गाठता येतं. इथले बेने इस्रायली ज्यू नवस फेडताना किंवा लग्नकार्यात ‘मलिदा’ करतात. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, सुकामेवा, फळं. एलियाहू हन्नाबींचं स्मरण करून ताट सर्वांना वाटायचं.

त्यांच्या पूर्वजांचा नवस मात्र जनावर देऊन फिटे. बायबलमधल्या ‘लेवीय’ पुस्तकानुसार प्राण रक्तात असतो आणि प्राण देवाचा. म्हणून रक्त वेदीला, माणसाने ते खायचं नाही. होमार्पणात मांस पूर्ण जाळत. नवसाच्या शांत्यर्पणात चरबी वेदीवर, काही वाटा याजकाला, उरलेलं मांस घरच्यांना. म्हणजे चक्क देवासोबत पंगतच! पापार्पणासाठी कबुतरंही न परवडणाऱ्या गरिबाचं नुसतं पीठ चाले.

इसवी सन ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं. बळी दुसरीकडे द्यायची मुभा नव्हती. तो थांबला, प्रार्थना उरली. मलिदात काही अभ्यासकांना जुन्या अन्नार्पणाची खूण दिसते. रक्ताचा नियम मात्र स्वयंपाकघरात अजून पाळला जातो: मटण आधी मीठ लावून ठेवायचं, रक्त निथळलं की धुऊन मगच शिजवायचं.