न्यूट्रोफिल पेशी आणि शोथ : लक्षणांचा अभाव केव्हा घातक?

व्रणशोथ आम आहे, पच्यमान आहे की पक्व, हे अचूक ओळखणे हे शल्यचिकित्सेतील मूलभूत कौशल्य होय. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सतरावा, आमपक्वैषणीय अध्याय याच विषयाला वाहिलेला आहे. उष्णता, आरक्तता, सूज, वेदना आणि पुढे पूयनिर्मिती हा क्रम आपण रुग्णाच्या शरीरावर नित्य पाहतो. आधुनिक शास्त्रानुसार या क्रमात, विशेषतः पूयनिर्मितीत, न्यूट्रोफिल या श्वेतपेशींचा वाटा सर्वांत मोठा असतो. मग या पेशीच पुरेशा नसतील, तर ज्या लक्षणांवर आपण विसंबतो ती लक्षणे उमटणार कशी? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

पेशीचा परिचय

प्रौढ व्यक्तीच्या रक्तातील श्वेतपेशींपैकी साधारणतः ५० ते ७० टक्के न्यूट्रोफिल असतात. अस्थिमज्जेत त्या दररोज सुमारे १०० अब्ज या प्रमाणात तयार होतात. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी रंजनपद्धतीने श्वेतपेशींचे प्रकार वेगळे केले. एली मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला असता त्याभोवती चल पेशी गोळा झालेल्या पाहिल्या आणि त्यातून पेशीभक्षणाचा सिद्धान्त मांडला. १९०८ चे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून देण्यात आले.

शोथस्थानी घडणारे कार्य

जिवाणूंचा प्रवेश झाला अथवा धातूंना इजा पोहोचली की तेथून रासायनिक संदेश निघतात. रक्तवाहिन्या विस्फारतात, त्यांच्या अंतःस्तरावर न्यूट्रोफिल प्रथम घरंगळतात, मग घट्ट चिकटतात आणि भित्तीतून बाहेर पडून इजेच्या स्थानी पोहोचतात. तेथे त्या जिवाणूंना गिळतात आणि तीव्र ऑक्सिडीकारक द्रव्ये व विकर यांच्या साहाय्याने नष्ट करतात. पूयाला येणारी हिरवट छटा मायलोपेरॉक्सिडेज या त्यांच्यातील विकरामुळे असते. न्यूट्रोफिल आपल्या केंद्रकातील तंतूंचे जाळे बाहेर फेकून त्यात जिवाणूंना अडकवतात, हे २००४ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी दाखवून दिले. पूय म्हणजे मुख्यतः या कार्यात मृत झालेल्या न्यूट्रोफिल, जिवाणू आणि विघटित धातू यांचे मिश्रण होय.

संरक्षक आणि संहारकही

हीच शस्त्रे स्वशरीरावरही चालतात. गाउट या विकारात सांध्यातील युरेटचे स्फटिक गिळण्यासाठी न्यूट्रोफिल गर्दी करतात आणि जिवाणू नसतानाही सांधा लाल, उष्ण व असह्य वेदनायुक्त होतो. फुप्फुसात न्यूट्रोफिलमधील इलास्टेज या विकराला आवर घालणारे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे प्रथिन जन्मतः कमी असेल, तर वायुकोशांच्या भित्ती झिजत जातात. या प्रथिनाच्या न्यूनतेचे वर्णन १९६३ मध्ये स्वीडनमध्ये झाले. तात्पर्य, शोथ दिसतो म्हणजे जंतुसंसर्ग असतोच असे नाही.

शोथ दिसत नाही, परंतु संसर्ग आहे

याच्या नेमकी उलट अवस्था अधिक घातक आहे. कर्करोगाचे अनेक रुग्ण केमोथेरपी चालू असताना अरुची, दौर्बल्य, मुखपाक अशा तक्रारी घेऊन आपल्याकडे येतात. अनेक औषधयोगांत मात्रेनंतर साधारणतः ७ ते १४ दिवसांच्या सुमारास न्यूट्रोफिलची संख्या सर्वांत कमी होते. या काळात तीव्र संसर्ग झाला तरी पूय होत नाही, सूज व आरक्तता अल्प असते, न्यूमोनिया असूनही छातीच्या क्ष-किरण चित्रात विशेष काही आढळत नाही. केवळ ज्वर हे एकच लक्षण असू शकते. अशा ज्वरास आमज्वर मानून लंघन-पाचनावर एक-दोन दिवस वाट पाहणे प्राणावर बेतू शकते. १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक ज्वर असल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. तेथे पोहोचल्यापासून शक्यतो तासाभरात शिरेवाटे प्रतिजैविके सुरू होणे अपेक्षित असते.

रक्ततपासणीचा अहवाल वाचताना केवळ टक्केवारीवर जाऊ नये. एकूण श्वेतपेशी ६०० आणि न्यूट्रोफिल ७० टक्के असा अहवाल असल्यास टक्केवारी प्राकृत वाटेल, परंतु प्रत्यक्ष न्यूट्रोफिल दर घन मिलिमीटरला केवळ ४२० असतात. ही संख्या १,५०० पेक्षा कमी असणे म्हणजे न्यूनता, तर ५०० पेक्षा कमी असणे ही गंभीर अवस्था होय.

ही न्यूनता असताना बस्ती, गुदमार्गाने तापमापन, रक्तमोक्षण आणि अग्निकर्म टाळावे. गुदमार्गाच्या सूक्ष्म क्षतातून आंत्रातील जिवाणू रक्तात शिरू शकतात.

थायरॉइडच्या अतिकार्यासाठी कार्बिमाझोल अथवा मनोविकारासाठी क्लोझापिन घेणाऱ्या रुग्णातही क्वचित न्यूट्रोफिल एकाएकी घटतात. अशा रुग्णास ज्वर व कंठशूल झाल्यास साधा प्रतिश्याय समजू नये, त्याच दिवशी रक्ततपासणी करवून घ्यावी. याउलट, आमवाताचा रुग्ण स्टेरॉइड घेत असल्यास संसर्ग नसतानाही रक्तातील न्यूट्रोफिल वाढलेले दिसतात आणि संसर्ग असल्यास त्याची लक्षणे झाकली जातात.

न्यूट्रोफिलला एखाद्या दोषाचे वा धातूचे नाव देण्याचा अट्टहास करण्याचे कारण नाही. शोथाच्या अवस्थांचे शास्त्रोक्त ज्ञान आपल्यापाशी आहेच. त्याच्या जोडीला प्रत्येक ज्वरित रुग्णास दोन प्रश्न अवश्य विचारावेत : कोणती औषधे चालू आहेत आणि शेवटची केमोथेरपी केव्हा झाली? या दोन उत्तरांवरून रुग्ण आपल्या चिकित्सेत ठेवावयाचा की तत्काळ पुढे पाठवावयाचा, याचा निर्णय बहुतेक वेळा करता येतो.