बयाना देण्यापूर्वी चौकट ठोकून पाहा

कापडाचा व्यापारी थान घेतो तेव्हा ते उलगडतो, उजेडाकडे धरतो, काठ तपासतो, धागा ओढून पाहतो. मीटरमागे दोन रुपयांचे नुकसान होऊ नये म्हणून एवढी काळजी. तोच व्यापारी घर घ्यायला निघाला की दलालाबरोबर एक फेरी मारतो, चहा पितो आणि बयान्याचे पैसे मोजून मोकळा होतो. आम्हीही असेच केले होते, म्हणूनच हे चार शब्द लिहीत आहोत.

काही वर्षांपूर्वी आम्ही गोंदियात एक जुने घर घेतले. खाली दुकान आणि मागे गोदाम, वर बिऱ्हाड, अशी सोयीची जागा. दारांना ताजा ऑइलपेंट, भाव वाजवी. कागदपत्रे वकिलाकडून तपासून घेतली, पण लाकूड कोणाकडूनही तपासले नाही. पहिल्याच पावसाळ्यात मागच्या खोलीत भिंतीला लावून ठेवलेली लठ्ठ्याची गाठ उचलली, तर खालचे थान मातीसारखे हातात आले. दाराच्या चौकटीवर अंगठा दाबला, तर तो रंग फोडून सरळ आत गेला. विकणाऱ्याला हे ठाऊक होते की नाही, अल्लाह जाणे. आम्ही पाहिले नव्हते, एवढे मात्र खरे.

आपल्या समाजातले बरेच लोक व्याजापासून दूर राहण्यासाठी बँकेचे कर्ज घेत नाहीत. वर्षानुवर्षांची बचत, घरातला दागिना आणि भावाकडून घेतलेली उसनवार एकत्र करून घर घेतात. बँकेचा माणूस जागा पाहायलाही येत नाही. म्हणजे पाहणी करणारे आपणच. घरात दोष निघाला तर पुन्हा पैसा उभा करणेही आपल्याच नशिबी.

वाळवी म्हणजे काय?

मराठीत वाळवी, आपल्या भागात उधई आणि उर्दूत दीमक. दिव्य कुरआनात सूरह सबामध्ये हजरत सुलैमान (अ.) यांच्या वफातीचा प्रसंग आहे. ते काठीला टेकून उभे असतानाच त्यांना मृत्यू आला. जिन्न मात्र ते जिवंत आहेत असे समजून कामात जुंपलेले राहिले. जमिनीतल्या किड्याने काठी कुरतडली आणि ते खाली आले, तेव्हा कुठे जिन्नांना सत्य कळले. बाहेरून उभे दिसणारे आतून संपलेले असू शकते, ही गोष्ट घर घेणाऱ्यानेही लक्षात ठेवावी.

आपल्याकडे घरांना लागणारी वाळवी बहुतेक जमिनीत राहणारी असते. नवेगाव किंवा नागझिऱ्याच्या जंगलात जी मातीची वारुळे दिसतात, ती याच जातकुळीच्या किड्यांची. तिचे अंग मऊ असते, उघड्या हवेत ते लवकर सुकते. म्हणून ती जमिनीतून भिंतीवर चढताना मातीची नळी बांधते आणि तिच्या आतून ये-जा करते. तिचे खाद्य म्हणजे लाकूड, कागद, पुठ्ठा आणि सुती कापड, कारण या सर्वांत एकच वनस्पतिजन्य पदार्थ असतो. गिऱ्हाइकाच्या उधारीची वहीसुद्धा ती सोडत नाही.

आपला जिल्हा धानाचा आणि तलावांचा. पावसाळ्यात जमीन बराच काळ ओली राहते. घराला लागून तणसाचा ढीग, जळाऊ लाकडे, अंगणात कापलेल्या झाडाचा बुंधा, मोरीचे मुरणारे पाणी, हे सर्व वाळवीला आमंत्रणच असते. स्लॅबचे घर आहे म्हणून निश्चिंत राहू नये. सिमेंट ती खात नाही, पण सिमेंटच्या बारीक भेगेतून चौकटीपर्यंत पोहोचते.

दुसरे शत्रू

लाकडाचा शत्रू एकटी वाळवीच नाही. बांबू आणि लाकडाचा बाहेरचा पांढरट भाग यांना घुण म्हणजे भुंगेऱ्याची कीड लागते. लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी गोल छिद्रे दिसतात आणि खाली मैद्यासारखी भुकटी पडते. कवेलूच्या जुन्या घरात वासे आणि बांबूच्या कमच्या यांच्याखाली अशी भुकटी जरूर शोधावी. एका मोठ्या भुंगेऱ्याची अळी कोरडे लाकूड आतून खाते आणि बाहेर पडताना मोठे लांबट छिद्र पाडते.

‘सागवान आहे, त्याला काही होत नाही,’ हे वाक्य विकणारा हमखास बोलतो. ते अर्धेच खरे आहे. सागाचा आतला तपकिरी गाभा टिकाऊ असतो, बाहेरचा पांढरट भाग नसतो. सुताराने स्वस्तात पांढऱ्यासह चौकट केली असेल, तर कीड तिथूनच सुरू होते. आंबा आणि सेमल यांचे लाकूड तर लवकरच खाल्ले जाते.

पाहणी कशी करावी?

सोबत टॉर्च, एक पेचकस आणि ओळखीचा सुतार मिस्त्री घ्यावा. दिवसा जावे आणि घाई करू नये. जमल्यास पावसाळ्यात किंवा पावसाळा संपताच पाहावे, कारण ओल आणि वाळवी दोन्ही तेव्हा उघडी पडतात.

आधी बाहेरून जोत्याभोवती फिरावे. जमिनीतून वर चढलेली मातीची रेघ दिसते का ते पाहावे. दिसली तर दोन इंच तोडावी. आत पांढरे किडे हलताना दिसले तर लागण जिवंत आहे. रिकामी निघाली तरी समाधान मानू नये. आठ दिवसांनी पुन्हा जाऊन पाहावे. तोडलेली जागा बुजवलेली असेल, तर वाळवी घरातच आहे.

आत गेल्यावर प्रत्येक चौकट खालच्या टोकाशी पाहावी, कारण फरशीत गाडलेले टोक सर्वात आधी खराब होते. पेचकसाच्या मुठीने ठोकावे. भरीव लाकडाचा आवाज टणक येतो, पोखरलेल्याचा पोचट. मालकाची परवानगी घेऊन टोक हलके दाबावे. मोरीच्या पाठची भिंत, जिन्याखालची जागा, भिंतीतली कपाटे, वीजबोर्डाची लाकडी पट्टी, माळा आणि छताचे वासे यांपैकी काहीही सोडू नये. भिंतीला टेकलेले कपाट सरकवायला सांगावे. खिडकीच्या कट्ट्यावर किंवा दिव्याखाली गळून पडलेले पंख दिसले तर सावध व्हावे. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी उडते आणि पंख टाकून देते. घराच्या आत असे पंख पुष्कळ असतील तर वारूळ जवळच असावे.

एकाच दाराला ताजा रंग, एकाच कोपऱ्यात नवे प्लास्टर, चौकटीत भरलेली लांबी, असे काही दिसले तर कारण विचारावे. विचारण्यात लाज कसली?

कायदा आणि शरीअत

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, याच्या कलम ५५ प्रमाणे मालमत्तेतला जो मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला ठाऊक नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला सापडला नसता, तो विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. न सांगणे ही फसवणूक धरली जाते. पण ‘साधारण काळजी’ हे शब्द नीट ध्यानात घ्यावेत. भिंतीवर मातीची रेघ उघडी दिसत असताना आपण ती पाहिली नाही, तर मागाहून तक्रार करणे अवघड होते. शिवाय करारात वेगळे ठरले असेल तर तेच चालते. म्हणून ‘जशी आहे तशी’ असे शब्द इसारचिठ्ठीत असतील, तर वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नये.

आपल्या दीनमध्ये हे आधीपासूनच स्पष्ट आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली, तेव्हा ओले धान्य वर का ठेवले नाही असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. ओल्या ढिगावर कोरडे धान्य आणि पोखरलेल्या चौकटीवर ताजा रंग, यात फरक काय? फिकहमध्ये खयार-ए-ऐब म्हणजे लपलेला दोष निघाल्यास सौदा परत करण्याचा हक्क मानलेला आहे. पण ऐब माहीत असूनही घेतले, तर तो हक्क राहत नाही. आपल्या प्रसंगात हुकूम काय, ते आलिमांना विचारावे. आपल्यापैकी जे घर विकणार आहेत, त्यांनी तर आधीच सांगून टाकावे. भाव थोडा उतरेल, पण बरकत राहील.

दोष सापडला तर?

वाळवी सापडली म्हणून घर सोडलेच पाहिजे असे नाही. मिस्त्रीकडून लाकूड बदलण्याचा आणि औषधाचा खर्च काढावा आणि तेवढी रक्कम भावातून कमी करून मागावी. ‘वाळवी किंवा लाकूड पोखरणाऱ्या किडीची लागण आमच्या माहितीत नाही’ असे वाक्य विकणाऱ्याकडून इसारचिठ्ठीत लिहून घ्यावे. जो लिहायला कचरतो, त्याच्या घराकडे पुन्हा एकदा टॉर्च घेऊन जावे.

औषधोपचारासाठी आयएस ६३१३ हे भारतीय मानक आहे. बांधलेल्या घरात भिंत आणि फरशी यांच्या सांध्यावर सुमारे एक-एक फुटावर छिद्रे पाडून औषध आत सोडतात आणि छिद्रे बुजवतात. हल्ली इमिडाक्लोप्रिडसारखी औषधे वापरली जातात. पूर्वी सर्रास वापरल्या जाणाऱ्या आल्ड्रिनवर देशात बंदी आहे, कोणी स्वस्तात देऊ केले तरी घेऊ नये. काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावे, औषधाचे नाव आणि हमीची मुदत पावतीवर लिहून घ्यावी. आजूबाजूला विहीर किंवा बोअर असेल तर आधी सांगावे. नुसते रॉकेल शिंपडल्याने वरचे किडे मरतात, जमिनीतले घर तसेच राहते.

आम्ही शेवटी चौकटी बदलल्या, औषध मारले, आणि आता गाठी लोखंडी घोडीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवतो. जो खर्च झाला, त्याच्या मानाने टॉर्च आणि मिस्त्रीची अर्ध्या दिवसाची मजुरी काहीच नव्हती. अल्लाह आपणा सर्वांच्या कमाईत आणि घरात बरकत देवो. आमीन.