इलेक्ट्रो हिपहॉप
इलेक्ट्रॉनिक तालयंत्र व सिंथेसायझर यांवर आधारलेला हिपहॉप संगीताचा एक प्रकार. १९८० नंतर तो न्यूयॉर्क येथे विकसित झाला. आफ्रिका बंबाटा व सोलसॉनिक फोर्स यांची ‘प्लॅनेट रॉक’ (१९८२) ही त्याची प्रातिनिधिक ध्वनिमुद्रिका होय. तीत क्राफ्टवेर्क या जर्मन वाद्यवृंदाच्या रचनांचा आधार घेतलेला असून ताल ‘रोलंड टीआर-८०८’ या जपानी यंत्राचा आहे. या यंत्रात खऱ्या वाद्यांचे ध्वनिमुद्रण नसते. विद्युत् मंडलेच ध्वनी निर्माण करतात. त्यामुळे त्याचा खर्जातील ठोका दीर्घकाळ घुमतो.

मुंबईतील चित्रपटसंगीताचे वादक चरणजित सिंग यांनी हेच यंत्र ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ (१९८२) या ध्वनिमुद्रिकेत मालकंस इ. रागांच्या साथीस योजिले. ती तेव्हा उपेक्षित राहिली. २०१० मध्ये पुनःप्रकाशित झाल्यावर मात्र तिला देशोदेशी श्रोते लाभले. तबलावादक लयीचा विस्तार करतो. येथे ठेका अचल राहतो आणि स्वर फुलत जातात. हा भेद ध्यानी घेऊन दोन्ही ध्वनिमुद्रिका लागोपाठ ऐकल्यास एकाच यंत्रातून दोन परंपरांनी काय साधले, ते स्पष्ट होते. रागसंगीताच्या श्रोत्यास या अपरिचित प्रकाराकडे नेणारी ही सुगम वाट आहे.