तंबाखूच्या सवयीची गावनोंद

महाराष्ट्रातील प्रौढांत तंबाखूसेवनाचे प्रमाण २००९-१० च्या सर्वेक्षणात शेकडा ३१.४ होते, २०१६-१७ मध्ये ते २६.६ झाले. त्या वेळी धूम्रपान करणारे ३.८, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ आढळले. सबब केवळ विडीविरुद्ध केलेला प्रचार बहुसंख्यांपर्यंत पोहोचत नाही.

होटगीसारख्या गावी कार्यकर्त्यांनी घरोघर वय, स्त्री वा पुरुष, तंबाखूचा प्रकार व आरंभाचे वय टिपावे. दरवर्षी त्याच महिन्यात तेच प्रश्न विचारावेत. तरच तुलना खरी ठरते. स्त्रियांना मिश्रीविषयी आवर्जून विचारावे, कारण मिश्री ही भाजलेली तंबाखूच होय. नावे गुप्त ठेवावीत. तोंडात पांढरा चट्टा वा न भरणारी जखम आढळल्यास त्या व्यक्तीस विनाविलंब आरोग्य केंद्रात न्यावे.