उधाण आणि महापूर

अलिबागजवळच्या नागावची वस्ती आणि नारळी-पोफळीच्या वाड्या किनाऱ्यालगतच्या वाळूच्या पट्ट्यावर आहेत. उत्तरेला आक्षी, दक्षिणेला चौल-रेवदंडा. या वाळूत पाऊस चटकन मुरतो. अलिबाग-पेणच्या खाडीकाठच्या खारेपाटाला ही सोय नाही. तिथली भातशेती उधाणाच्या पाण्यापेक्षा खाली असते आणि मातीच्या बांधामुळेच कोरडी राहते. या भागातला महापूर समजायचा तर पावसाइतकेच भरतीचे गणित पाहावे लागते.

भरती दिवसातून दोनदा येते. तिथीची पाऊणपट केली की तिची वेळ निघते, हा कोळ्यांचा जुना हिशेब आहे. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास येते आणि तिचा जोर कमी असतो, तो भांग. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येते आणि पाणी दुपारी बाराच्या व मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत वर चढते. पावसाळ्यात वाऱ्याने लाटाही उंचावतात. म्हणूनच बांधाची राखण रात्रीही करावी लागते.

बांधात पाणी सोडण्यासाठी उघाडी असते. तिचे दार फक्त खाडीकडे उघडते. ओहोटीला शेतातले पाणी ते ढकलून बाहेर पडते आणि भरतीला खाडीच्या दाबाने दार आपोआप मिटते. दार मिटलेले असताना मुसळधार पाऊस झाला, तर सगळे पाणी शेतातच तुंबते. त्यात खेकड्यांनी पोखरलेला बांध फुटला, म्हणजे खांड गेली, की खारे पाणी आत घुसते. पावसाचे तुंबलेले पाणी काही दिवसांत उतरते. खारे पाणी मात्र मातीत मीठ ठेवून जाते, आणि पुढच्या पावसांनी ते धुऊन निघेपर्यंत भाताचे पीक नीट येत नाही. खांड वेळेवर बुजवणे म्हणूनच फार महत्त्वाचे. बांधांसाठी 1948 आणि 1979 साली कायदे झाले, पनवेलच्या संशोधन केंद्राने क्षार सोसणाऱ्या भाताच्या जाती दिल्या. पण खांड उघडी राहिली तर यातले काहीच पुरत नाही.

मोठ्या नद्यांच्या खोऱ्यात संकट याहून भीषण होते. जुलै 1989 मध्ये अंबा नदीच्या पुराने जांभूळपाडा आणि नागोठणे उद्ध्वस्त केले. सावित्रीच्या काठचे महाड 26 जुलै 2005 रोजी आणि पुन्हा 22 जुलै 2021 रोजी बुडाले. भरतीचा परिणाम बाणकोटच्या खाडीतून वर महाडच्या परिसरापर्यंत जाणवतो, त्यामुळे सह्याद्रीवरून उतरणारे पाणी समुद्राकडे लवकर जात नाही. 2021 चा पूर पौर्णिमेच्या दोनच दिवस आधी आला होता. 26 जुलै 2005 रोजीच सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, आणि मुंबईतही भरतीने नाल्यांची मुखे अडवली होती.

हवामान खात्याच्या पावसाच्या इशाऱ्याशेजारी भरतीची वेळ आणि उंचीही पाहिली, तर बांध कधी तपासायचा आणि जनावरे व सामान उंचावर केव्हा न्यायचे, हे गावाला आधीच ठरवता येते.