संप्रेरक-उपचार : सोबतच्या औषधांची मात्रा आणि विमा

सुरतेतील डिंडोली परिसरात खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे राहतात. त्यांतील बरेच जण कापड-व्यवसायात काम करतात. त्यांना पुढील माहिती उपयुक्त ठरेल.

पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक कमी पडल्यास डॉक्टर ते औषधरूपाने देतात. त्यामुळे शुक्रजंतूंची निर्मिती घटते. म्हणून अपत्याची इच्छा असणाऱ्यांना आधी तसे सांगणे आवश्यक आहे. अशा काही रुग्णांना एचसीजीची इंजेक्शने, तर निवडक रुग्णांना ॲनास्ट्रोझोलची गोळी दिली जाते. ही गोळी अधिक झाल्यास हाडे ठिसूळ होतात. यास्तव मात्रा रक्ततपासणीवरूनच ठरवावी; दुसऱ्याची चिठ्ठी पाहून औषध घेऊ नये.

खर्चाबाबत एक भेद ध्यानात ठेवावा. २०१८ साली सुरू झालेली आयुष्मान भारत योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहे. बाह्यरुग्ण उपचार तीत येत नाहीत. राज्य कामगार विमा योजनेत मात्र दवाखान्यातील तपासणी व औषधे यांचाही समावेश आहे. १ जुलै २०१९ पासून तिच्यासाठी कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के व मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी ठरविण्यात आली. वेतनपत्रकात ही कपात दिसत नसल्यास कामगाराने मालकाकडे नोंदणीची चौकशी करावी. नोंदणीअभावी दरमहाच्या औषधांचा भार कुटुंबावरच पडतो.