धूर विरतो, परिणाम उरतो

मेलबर्नला मुलाकडे निघालेले एक सत्तरीतले गृहस्थ नुकतेच दवाखान्यात आले होते. ‘‘डॉक्टर, तिकडे वणवे पेटतात म्हणे. दम्याचा पंप नेतोच आहे. आणखी काय सांभाळू?’’ मी म्हणालो, ‘‘डोळे.’’ त्यांना नवल वाटले. त्या उत्तरामागचे कारण वाचकांनाही ठाऊक असावे.

२०१९-२० च्या उन्हाळ्यात आग्नेय ऑस्ट्रेलियात भीषण वणवे पेटले. धुरामुळे ४१७ जण अकाली दगावल्याचा अंदाज संशोधकांनी मांडला. जमिनीलगतची हवा कालांतराने निवळली. परंतु आगीच्या उष्णतेतून उठलेल्या वादळी ढगांनी लक्षावधी टन धूर स्थितांबरात, म्हणजे ओझोनच्या थरात नेला. तेथे तो कित्येक महिने रेंगाळला.

ओझोन ही सूर्याचे अतिनील किरण अडवणारी पृथ्वीची गाळणी. जुन्या शीतकपाटांतील क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंमुळे त्या उंचीवर आजही क्लोरीन शिल्लक आहे. एरवी तो हायड्रोक्लोरिक आम्लासारख्या संयुगांत बद्ध, म्हणून निरुपद्रवी असतो. दक्षिण ध्रुवावर मात्र कडाक्याच्या थंडीत बनणाऱ्या ढगांमुळे तो मोकळा होतो आणि वसंतात ऊन येताच ओझोन नष्ट करतो. सुझन सॉलोमन व सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये दाखवले, की धुराच्या कणांत हे आम्ल सहज विरघळते. मग तेवढी थंडी नसतानाही क्लोरीन सुटतो. त्यामुळे २०२० मध्ये दक्षिण गोलार्धाच्या मध्य अक्षांशांवरील ओझोन ३ ते ५ टक्क्यांनी घटला आणि अंटार्क्टिकावरील छिद्र सुमारे २५ लाख चौरस किलोमीटरने रुंदावले, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

वाढत्या अतिनील किरणांनी मोतीबिंदूचा आणि त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून दक्षिण गोलार्धात आप्तांकडे जाणाऱ्या ज्येष्ठांनी एवढे करावे:

• हवामानाच्या बातमीत अतिनील निर्देशांक पाहावा. तो ३ किंवा अधिक असल्यास रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि अतिनील किरण रोखणारा चष्मा वापरावा. नुसती काळी काच पुरेशी नाही.
• फेरफटका सकाळी लवकर किंवा सायंकाळी मारावा.
• धुराच्या दिवसांत दारेखिडक्या बंद ठेवाव्यात. बाहेर पडणे अटळ असल्यास एन-९५ मुखपट्टी लावावी. दम्याची व हृदयविकाराची औषधे चुकवू नयेत.

घाबरण्याचे कारण नाही. १९८७ च्या माँट्रिअल करारामुळे ओझोनची जखम भरून येत आहे. डॉक्टर म्हणून एवढेच सांगेन, की भरत आलेली जखम पुन्हा चिघळू नये म्हणून जपावे लागते. आकाशाचेही तसेच आहे.